वस्त्रांवरील डाग आणि कापडाचे आटणे : कारणे व उपाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृहे, वधूवर-परिचय अशा महत्त्वाच्या विषयांवर आपण नेहमी भाषणे ऐकतो. चालकांनी मला मात्र धुण्याविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. परटांच्या सभेत धुण्यावर व्याख्यान देणे म्हणजे सोनारासमोर सोन्याची पारख सांगण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु आज आपल्या समाजातील किती घरी हा धंदा शिल्लक राहिला आहे, याचा विचार करावा. आपली मुले शिक्षक झाली, कारकून झाली, अभियंते झाली. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र आजोबांच्या हाताला जे ज्ञान होते ते कोणी लिहून ठेवले नाही, आणि नातवाच्या घरी यंत्रात घातलेली साडी रंग सोडून बाहेर येते तेव्हा काय करावे हे त्यास ठाऊक नसते. ज्यांचे दुकान आजही चालू आहे त्यांचा प्रश्न तर पोटाचा आहे. कापड कशानेही बिघडो, दोष परटाच्या माथी येतो. आणि एका पैठणीची भरपाई करण्यात महिन्याची मिळकत जाऊ शकते. म्हणून हा विषय लहान नाही.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. डाग काढणे हे बळाचे काम नसून ओळखीचे काम आहे. कापड कशाचे आहे, डाग कशाचा आहे आणि पाणी कसे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून साबणाला हात लावू नये. आणि उष्णता, मग ती उकळत्या पाण्याची असो वा इस्त्रीची, सर्वांत शेवटी योजावी. जे डाग कायमचे बसतात त्यांतील पुष्कळसे मुळात कायमचे नसतात. आपणच घाईने ते कायमचे करतो.

पाण्याची परीक्षा

पाण्यापासून आरंभ करतो, कारण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात निम्मा घोटाळा पाण्याचा आहे. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन अंगांचा आहे. घाटावर पैनगंगेच्या उगमाकडचा खडकाळ मुलूख. घाटाखाली पूर्णेचे गाळाचे खोरे. या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे, आणि आपल्याकडील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील कित्येक गावांच्या विहिरी त्यात येतात. चिखली-मेहकराकडची मुलगी सून होऊन घाटाखाली येते. माहेरी जो साबण, तोच सासरी, हातही तेच, पण चार महिन्यांत पांढरी वस्त्रे राखट दिसू लागतात. सासूबाईंस वाटते, सुनेला धुणे येत नाही. वस्तुतः दोष सुनेचा नसतो, पाण्याचा असतो.

हे कसे घडते ते पाहू. पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले म्हणजे साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो कापडाच्या धाग्यांत अडकून बसतो. अशा पाण्यास पाठ्यपुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतात, आणि दुसरे पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्यास चालणारे हे पाणी साबणाला मात्र पुरते छळते.

परीक्षा सोपी आहे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत साठविलेले पावसाचे पाणी व दुसरीत विहिरीचे वा बोअरचे पाणी सारख्या प्रमाणात भरा, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येईल. दुसरीत फेसाऐवजी दुधाळ चोथा दिसला तर पाणी दुष्फेन अथवा खारे आहे असे समजावे.

उपाय धुण्याच्या सोड्याचा. येथे खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडा अभिप्रेत आहे. दहा लिटरच्या बादलीत दोन-तीन चहाचे चमचे सोडा प्रथम विरघळवावा, पाणी अर्धा तास स्थिर ठेवावे, खाली बसलेला गाळ न ढवळता वरचे पाणी घ्यावे आणि मगच साबण लावावा. सोडा साबणानंतर घातला तर साका अगोदरच तयार झालेला असतो आणि उपयोग थोडा होतो. मात्र एक भेद ध्यानात असू द्यावा. सोड्याने जडपणा जातो, खारटपणा जात नाही. ज्या विहिरीचे पाणी चवीलाच खारट आहे तेथे साबण विरघळण्याऐवजी फुटून वेगळा होतो. अशा गावी साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंटची पूड अधिक काम देते, आणि अखेरचे खळबळणे तेवढे गोड्या पाण्यात करावे. खारे पाणी कापडात तसेच वाळले तर कापड ताठर होते, त्यावर पांढरे वेटोळे उमटतात आणि दमट हवेत ते ओल धरते. पावसाचे चार पिंप पाणी धरून ठेवणे हा घाटाखालच्या गृहिणीसाठी खरा उपाय आहे. रिठ्याचा फेसही दुष्फेन पाण्यात साबणाप्रमाणे साका धरीत नाही. रेशमासाठी आपल्या वडिलांनी रिठा पसंत केला तो यासाठीही.

सोडा ही वस्तू आपल्या जिल्ह्याला परकी नाही. लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, त्या क्षारात सोड्याचा अंश मोठा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐन-ई-अकबरी’त काच व साबण करण्यास लागणारे पदार्थ लोणारला मिळत असल्याचा उल्लेख आहे. आज ते सरोवर संरक्षित असून २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. तेव्हा तेथील चिमूटभर क्षारही कोणी उचलू नये. किराणा दुकानातील सोडा तेच काम करतो.

कापड का आटते

आता आटण्याचा विचार करू. आपण कापूस पिकविणाऱ्या मुलखातले लोक. खामगावचा कापूसबाजार आपल्या तोंडी आहे. तरीही कापूस का आटतो हे आपल्यापैकी थोड्यांस माहीत असेल. सूत कातताना, ते मागावर ताणताना आणि नंतर कापडास खळ देऊन गुंडाळताना धागा ओढलेल्या स्थितीत राहतो. पहिल्यांदा पाणी लागताच तंतू फुगतो, ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ लांबीकडे परततो. म्हणून सुती कापडाचे बरेचसे आटणे पहिल्या धुण्यात होते. अमेरिकेतील सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच यंत्राने आकसवून ठेवण्याची रीत काढली. गिरणीच्या कापडावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा जो छाप येई तो त्यांच्याच नावावरून पडला.

यावरून उपाय आपोआप निघतो. खादी, हातमागाचे कापड, परकर-पोलक्याचे सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. साडीला लावावयाचा फॉल आणि पोलक्याचे अस्तरही भिजवूनच शिवावे. नाहीतर कापड एका मापाने आटते, अस्तर दुसऱ्या मापाने, आणि पहिल्या धुण्यानंतर शिवणीला सुरकुत्या पडतात. आटलेले सुती वस्त्र काही अंशी सुधारता येते. ते ओलसर असतानाच हाताने लांबी-रुंदीला हलके ताणावे आणि तशाच ओलसर स्थितीत इस्त्री करावी.

लोकरीचे आटणे मात्र वेगळ्या जातीचे आहे. लोकरीच्या केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, सोडा व रगडणे या तिघांची गाठ पडली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो तो असा. लोकर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता केवळ दाबून धुवावी, एकदा गरम आणि एकदा थंड असे पाणी बदलू नये, पिळू नये, टांगू नये, जाड पंचावर पसरून सावलीत वाळवावी. किंचित आटली असल्यास केसांना लावावयाच्या कंडिशनरच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू मापात आणता येते. पूर्ण बसली असेल तर इलाज नाही, आणि तसे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे.

रेयॉनचे कापड ओले असताना दुबळे होते. त्यास पिळू नये. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेले टेरिलीन पाण्याने सहसा आटत नाही, पण तापलेल्या इस्त्रीखाली वितळते आणि तेलाचा डाग घट्ट धरते. तयार कपड्याच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचण्याची सवय ठेवावी. टोपल्याचे चिन्ह धुण्याचे, त्रिकोण विरंजनाचा, इस्त्रीतील ठिपके उष्णतेचे. ठिपके जितके अधिक तितकी उष्णता अधिक चालते, आणि चिन्हावर फुली असेल तर ती क्रिया वर्ज्य.

डागांची ओळख

डागांचे मी चार वर्ग करतो.

पहिला वर्ग रक्त, दूध, अंडे यांचा. ऊन पाण्यात अंडे जसे थिजते तसे हे डागही थिजतात. म्हणून केवळ थंड पाणी; रक्तासाठी त्यात थोडे मीठ. डाग फिका झाल्यावरच साबण. एन्झाइमयुक्त पूड या वर्गावर चांगली चालते, पण रेशीम व लोकर यांवर ती वापरू नये. कारण ते तंतूही त्याच जातीच्या द्रव्याचे बनलेले आहेत. त्याच कारणास्तव रेशीम-लोकरीस सोडा व ब्लीचिंग पावडर वर्ज्य समजावी.

दुसरा वर्ग चहा, कात, पान आणि झाडांच्या चिकाचा. यांत तुरट द्रव्य असते. ताज्या डागावर प्रथम साधे पाणी भरपूर ओतावे. साबणाची वडी सुकलेल्या डागावर थेट घासली तर तो अधिक तपकिरी होऊन बसतो. पाण्यात लोह असेल, आणि गंजलेल्या हातपंपाच्या पाण्यात ते पुष्कळदा असते, तर हा डाग काळा पडतो. पूर्वी हिरडा व हिराकस यांची शाई करीत, तीच क्रिया येथे नकळत घडते. पानाच्या डागावर दही किंवा लिंबू लावून ठेवावे व मग धुवावे.

तिसरा वर्ग तेल, तूप आणि वंगण यांचा. पाणी लावण्यापूर्वी डागावर खडूची पूड अथवा डाळीचे पीठ दाबून ठेवावे. ते तेल शोषून घेते. नंतर भांड्याचा द्रवसाबण कोरड्या डागावरच चोळावा आणि मग कापडास सोसेल इतके ऊन पाणी वापरावे. बैलगाडीचे वंगण व डांबर रॉकेलने सुटते. मात्र हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे आणि वास जाईपर्यंत कपडा यंत्रात घालू नये.

चौथा वर्ग रंगांचा, आणि त्यात आपल्या घरचा राजा म्हणजे हळद. हळदी समारंभ झाला की दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा लालभडक झाला म्हणून घाबरे होणारे लोक आपण पाहतो. तो नवा डाग नव्हे. हळदीचा रंग साबणाच्या अथवा सोड्याच्या संगतीत लाल होतो व लिंबाने पुन्हा पिवळा होतो. म्हणून घाबरून त्यावर तीव्र द्रव्ये ओतू नयेत. साबणाने तेलाचा अंश काढावा, खळबळून लाली घालवावी, आणि उरलेला पिवळेपणा सूर्यावर सोपवावा. हळदीचा रंग प्रकाशाने नष्ट होतो. वैशाखातले दोन-तीन दिवसांचे ऊन जे करते ते महाग पावडरीने होत नाही. रंगीत कपडा मात्र उलटा करून व थोडा वेळच उन्हात ठेवावा.

गंजाचा डाग लिंबू व मीठ लावून उन्हात ठेवल्यास जातो. त्यावर ब्लीचिंग पावडर कधीही घालू नये, तिने तो अधिकच पक्का होतो. बॉलपेनची शाई स्पिरिटने सुटते. डागाखाली टिपकागद ठेवावा म्हणजे ती पसरत नाही. काळ्या मातीचा चिखल ओला असताना घासू नये. वाळू द्यावा, झटकावा, मग धुवावा. एका वस्त्राचा रंग दुसऱ्यावर गेला असेल तर ते वाळू न देता ओलेच पुन्हा धुवावे. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होतो ही समजूत बरोबर नाही. मिठाने काही रंगांचे उतरणे त्या वेळेपुरते कमी होते इतकेच.

येथे एक सक्त सूचना देतो. ब्लीचिंग पावडर १७९९ पासून जगाला ठाऊक आहे आणि पांढऱ्या सुती कापडावर ती उपकारक आहे. परंतु लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड यांच्याशी तिची भेट कदापि होऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू सुटतो. कोंडलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

धंद्याचा व्यवहार

आता ज्यांची लाँड्री आहे त्यांस दोन शब्द. न जाणारा एक डाग आपल्याच धंद्याने कापडावर घातला होता, आणि तो म्हणजे बिब्ब्याची खूण. बिब्ब्याचा रस चुन्याच्या संगतीत काळा पडतो आणि साबणाने जात नाही. म्हणूनच इंग्रजीत त्या फळास खुणेचे फळ असे नाव पडले. परंतु तोच रस काही लोकांच्या कातडीस सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धात येथे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, जेथे खूण टेकत असे नेमक्या तेथे, फोड उठले. १९४३ मध्ये डॉक्टरांनी त्याचे कारण बिब्बा असल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या वाडवडिलांनी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. पण ज्ञान वाढले म्हणजे रीत बदलावी, हा त्यातील बोध आहे. आज क्रमांकाची कापडी चिठ्ठी हीच उत्तम खूण होय.

दुसरे असे की कपडा घेतानाच उजेडात उलगडून पाहावा. डाग कशाचा, किती दिवसांचा, घरी त्यावर काही लावले काय, हे विचारावे आणि पावतीवर लिहावे. नवीन रंगीत कापडाच्या आतल्या शिवणीवर ओले पांढरे फडके ठेवून वरून इस्त्री दाबावी; फडक्याला रंग लागला तर ते वस्त्र वेगळे धुवावे. आणि जो डाग जाणार नाही त्याविषयी आरंभीच “हा जाणार नाही” असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे. पुष्कळांना वाटते की नकाराने गिऱ्हाईक तुटते. माझे मत उलट आहे. गिऱ्हाईक तुटते ते खोट्या होकाराने. बलुतेदारीच्या काळात परटाला खळ्यावर धान्य मिळे ते केवळ श्रमाचे मोल नव्हते. गावाने घरातली सर्व वस्त्रे, सोयर-सुतकाचीसुद्धा, निःशंकपणे त्याच्या हाती दिली होती. बलुते गेले; तो विश्वास मात्र आजही आपले भांडवल आहे.

ज्या परीट कुळात १८७६ मध्ये शेंडगाव येथे संत गाडगेबाबांचा जन्म झाला, त्या कुळाचे आपण आहोत. बाबांनी स्वतः अंगावर चिंध्या पांघरल्या आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत गावोगावची घाण खराट्याने काढली. स्वच्छतेचे काम हलके नाही हे त्यांनी बोलून नव्हे, तर करून दाखविले. पण काम हलके नाही असे म्हणावयाचे असेल तर ते ज्ञानपूर्वक केले पाहिजे, ही जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशी वर्षांचे आजोबा अथवा आजी आहेत, त्यांच्या नातवंडांनी येत्या वर्षात एक वही करावी. भट्टी कशी लावीत, कोणत्या घाटाचे पाणी कशास चांगले, कोणत्या डागाला काय लावीत, हे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. त्यातले काही आजच्या विज्ञानाला पटेल, काही पटणार नाही. ते मागाहून तपासता येईल. ज्यांच्याजवळ हे ज्ञान आहे ती माणसे मात्र मागाहून मिळणार नाहीत. पुढील संमेलनाच्या स्मरणिकेत अशा वह्यांतील चार पाने छापता आली तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.